विश्लेषण : पाऊस कमी, तरी जीपला गंज का? बारामती-इंदापुरातील जुन्या ‘फोर बाय फोर’ गाड्यांची दुखणी

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात. वर्षाचा सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. गाडी गंजते ती कोकणात, आपल्याकडच्या कोरड्या हवेत पत्रा वर्षानुवर्षे टिकतो, अशी समजूत त्यामुळे रूढ आहे. प्रत्यक्षात उसाच्या रानात, कॅनॉलच्या कडेने आणि उजनीच्या काठाने फिरलेल्या जुन्या जीपखाली डोकावले, तर चित्र वेगळे दिसते. वरून रंग चकचकीत असतो, पण आतून चेसी पोखरलेली असते. या भागातील अनेक जीप आता १५ आणि २० वर्षांचा टप्पा ओलांडत आहेत. नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्कही वाढले आहे. अशा वेळी गाडी दुरुस्त करावी, विकावी की भंगारात काढावी, हे ठरवण्यासाठी तिची दुखणी नेमकी कळायला हवीत.

या भागात कोणत्या जुन्या गाड्या आहेत?

स्वातंत्र्यानंतर महिंद्रने अमेरिकी विलीस जीप भारतात जुळवायला सुरुवात केली आणि पुढे तिच्याच घडणीवर अनेक गाड्या काढल्या. सीजे मालिका, प्यूजोचे २.१ लिटरचे डिझेल इंजिन असलेली एमएम ५४०, कमांडर, मार्शल, मेजर आणि २०१० मध्ये आलेली पहिली थार ही त्यातील ठळक नावे. १९८५ मध्ये मारुतीची पेट्रोलवरची जिप्सी आली. ती हलकी असल्याने चिखलात चपळ ठरली. या गाड्यांची घडण मुळात सारखीच आहे. खाली शिडीसारखी लोखंडी चेसी, तिच्यावर रबरी बुशांवर बसवलेली बॉडी आणि बहुतेकांना पुढे-मागे पाटे. यातील सगळ्याच फोर बाय फोर नाहीत. कमांडर आणि मार्शल मोठ्या संख्येने फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. कारखान्याची माणसे नेणे, रानात खताच्या गोण्या पोचवणे, पाणंद रस्त्याने दूध आणणे ही कामे या गाड्यांनी वर्षानुवर्षे केली. घडण साधी असल्याने त्या गावातल्या गॅरेजात दुरुस्त होतात. हेच त्यांच्या दीर्घायुष्याचे कारण आहे आणि अर्धवट डागडुजीचेही.

पाऊस कमी असूनही गंज का लागतो?

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरेसे असतात. त्यात क्षार मिसळले की वेग वाढतो, कारण क्षारयुक्त पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि गंजण्याची क्रिया हा मुळात विद्युत-रासायनिक प्रकार आहे. युरोप-अमेरिकेत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात आणि तिथल्या गाड्या खालून सडतात. इथे मीठ रस्त्यावर टाकले जात नाही, ते जमिनीतच आहे. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील चोपण आणि क्षारपड जमिनींचा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यासाठी अभ्यास लिहिला होता. कॅनॉलचे पाणी आल्यावर भूजल वर चढले, निचरा झाला नाही आणि क्षार पृष्ठभागावर साचले.

अशा रानातला चिखल जीपच्या खाली चिकटतो तेव्हा तो ओल्या पोटीससारखा काम करतो. वरून सुकलेला दिसतो, आत ओल धरून ठेवतो. एक पाऊस पडून गेला की कोकणातली गाडी धुऊन निघते. इथे पाऊसच कमी, त्यामुळे चिखल महिनोन्महिने तसाच राहतो. त्यात खतांची भर पडते. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, लोखंडाच्या दृष्टीने मिठाचाच भाऊ. गोणी फाटून हौद्यात सांडलेले खत रबरी मॅटखाली गेले, की तिथला पत्रा आधी जातो. गाडी धुण्यासाठी बोअरचे खारे पाणी वापरले तर धुतल्यानंतरही क्षाराचा पातळ थर मागे उरतो. म्हणजे प्रश्न किती पाऊस पडला याचा नाही, गाडी किती वेळ ओली आणि क्षारात राहिली याचा आहे.

गंज आधी कुठे धरतो?

जिथे पाणी साचते आणि हवा खेळत नाही तिथे. चेसीच्या बंद पेटीसारख्या भागांना पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की चेसी आतून सडू लागते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. त्यानंतर क्रम लागतो तो बॉडी जिथे चेसीवर बसते त्या बुशांच्या जागांचा, मागच्या चाकांवरच्या कमानींचा, पायाखालच्या पत्र्याचा, पुढच्या काचेच्या फ्रेमच्या खालच्या कडेचा आणि मागच्या फाळक्याच्या बिजागऱ्यांचा. बॅटरीखालचा ट्रे आम्लामुळे खराब होतो. जिप्सीचा पत्रा पातळ असल्याने पुढचे पायदान आणि मागच्या कमानी विशेष तपासाव्या लागतात.

गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. दोन पत्रे एकावर एक जोडलेले असतील, तर मध्ये फुगणारा गंज त्यांना पाचर मारल्यासारखा फाकवतो. सांध्याजवळ रंगाला फोड आलेले दिसले, तर आतला गंज त्याहून बराच पसरलेला असतो.

कोणता गंज जिवावर बेतू शकतो?

दाराचा किंवा बोनेटचा गंज दिसायला वाईट, पण तो लगेच घात करत नाही. घात करतात त्या तीन जागा. पहिली, स्टिअरिंग बॉक्स चेसीला जिथे बसतो ती. तिथे तडा गेला असेल तर उभ्या गाडीत कोणी स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवत असताना खालून पाहणाऱ्याला बॉक्सच हलताना दिसतो. दुसरी, पाट्यांचे हँगर आणि शॅकल. हँगर चेसीतून उखडला तर ॲक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी एका बाजूला खेचली जाते. तिसरी, ब्रेकचे लोखंडी पाइप. ते चेसीला चिकटून जातात, क्लिपांमागे चिखल धरतात आणि नेमके तिथेच पातळ होतात. रोजच्या हलक्या ब्रेकला पाइप टिकतो. समोर उसाची ट्रॉली अचानक आल्यावर पूर्ण ताकदीने पॅडल दाबले, की तोच फुटतो. जुन्या जीपमध्ये ब्रेकचे एकच सर्किट असेल, तर एक पाइप फुटल्यावर चारही चाकांचे ब्रेक जातात.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. त्यामुळे पाइप आणि चाकातले सिलिंडर आतूनही गंजतात. ते साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदलावे, नुसते वरून भरत राहू नये. ड्रममध्ये गेलेला चिखल लायनर खातो. पाण्यातून गाडी काढल्यावर थोडे अंतर हलका ब्रेक दाबत चालवले की लायनर सुकतात.

साठच्या वेगाला स्टिअरिंग का थरथरते?

पुढे सलग ॲक्सल असलेल्या जीपचे हे नेहमीचे दुखणे. खड्डा लागला की पुढची चाके जोरात डावी-उजवीकडे फडफडू लागतात आणि स्टिअरिंग हातात धरवत नाही. अनेकदा फक्त चाकांचे बॅलन्सिंग करून गाडी परत दिली जाते. थरथर काही दिवस कमी होते आणि पुन्हा सुरू होते, कारण झीज दुसरीकडे असते. किंगपिनचे बेअरिंग, टाय रॉडचे बॉल जॉइंट, स्टिअरिंग बॉक्समधील ढिलेपणा, पाट्यांचे बुश आणि सैल यू-बोल्ट हे सगळे मिळून ही थरथर तयार करतात.

तपासणी सोपी आहे. पुढचे चाक जॅकवर घ्यावे, चेसीखाली ठोकळा लावावा आणि चाक वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर चाकाचे बेअरिंग किंवा किंगपिन झिजली आहे. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ आला तर टाय रॉड किंवा स्टिअरिंगच्या सांध्यांत दोष आहे. चालत्या गाडीत थरथर सुरू झाली, तर करकचून ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर सोडून वेग हळूहळू उतरू द्यावा.

फोर बाय फोरचा दांडा का अडकतो?

बहुतेक वेळा न वापरल्यामुळे. वर्षभर दांडा हलवलाच नाही, तर त्याचे सांधे गंजून जाम होतात आणि ऐन चिखलात गाडी फसल्यावर तो पडत नाही. महिन्यातून एकदा रानातल्या मऊ जमिनीवर थोडे अंतर फोर बाय फोरमध्ये चालवले की भाग मोकळे राहतात. मात्र डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर हे करू नये. या जुन्या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसते. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. चिखलात टायर घसरून तो फरक भरून निघतो, कोरड्या रस्त्यावर निघत नाही. सगळा ताण ट्रान्सफर केस, क्रॉस आणि ॲक्सलवर येतो. दांडा अडकतो, कधी दातेही तुटतात.

गिअर टाकून क्लच सोडताना खालून ‘टक्क’ असा आवाज येत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आधी पाहावेत. त्यांना वेळच्या वेळी ग्रीस मिळाले नाही की सुया झिजतात. ट्रान्सफर केसमधून ऑइल गळणे जुन्या जीपमध्ये इतके नित्याचे आहे, की मालक तिकडे दुर्लक्ष करतात. खाली डाग पडणे हा खरा धोका नाही. पातळी उतरून बेअरिंग कोरडे पडणे हा आहे.

चारी किंवा ओढा ओलांडल्यानंतर आणखी एक तपासणी आवश्यक असते. चालून गरम झालेला ॲक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते. ॲक्सलवरची श्वासनळी चिखलाने बुजलेली असेल, तर सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. डिफरन्शियलचे ऑइल दुधी दिसले, म्हणजे पाणी शिरले आहे. ते लगेच बदलावे. बदलताना आधी वरचा भरण्याचा बोल्ट सैल करून पाहावा. खालचा काढून ऑइल सांडले आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरच अडकते.

इंजिन गरम का होते, धूर कशाचा?

इथे पुन्हा बोअरचे पाणी येते. रेडिएटरमध्ये तेच जड पाणी वर्षानुवर्षे ओतले जाते आणि किटलीत बसतो तसा पांढरा थर नळ्यांत बसतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी ठीक चालते, पण भरलेली ट्रेलर ओढत पहिल्या गिअरमध्ये रानातून निघाली की काटा वर जातो. यावर थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय सर्रास केला जातो. त्याने इंजिन थंड राहते, पण गरजेपेक्षा थंड राहते. डिझेल जास्त लागते, झीज वाढते आणि रेडिएटरचा मूळ दोष तसाच राहतो. नळ्या साफ करणे किंवा कोअर बदलणे आणि त्यानंतर शुद्ध पाण्यात मिसळलेले कूलंट भरणे, हा खरा उपाय. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. जिप्सीच्या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असल्याने इंजिन एकदा जरी फार तापले तरी ते वाकण्याची भीती असते.

धुराचा रंग पुष्कळ सांगतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर पाहावा. जुन्या जीपमध्ये तेलात बुडालेला फिल्टर असतो. तोडणीच्या हंगामात रस्त्यावरची पीठासारखी माती त्यात गाळ होऊन बसते. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. फिल्टरकडे दुर्लक्ष झाल्याने आत गेलेली धूळ रिंग आणि लायनर घासते, त्याचा हा शेवट. थंडीत सकाळी पांढरा धूर येऊन गाडी उशिरा सुरू होत असेल, तर प्यूजो इंजिनात हीटर प्लग तपासावेत. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत गेले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

गाडी मध्येच गचके देऊन बंद पडत असेल, तर डिझेलच्या टाकीत पाहावे. अर्धी रिकामी टाकी महिनोन्महिने उभी राहिली की आतल्या हवेतील ओल थेंब होऊन तळाला जाते. टाकी आतून गंजते आणि तो चुरा फिल्टर बुजवतो. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवावी.

डागडुजीत कुठे चुकते?

सर्वांत मोठी चूक म्हणजे गंज झाकणे. गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरून रंग मारला की गाडी वर्षभर छान दिसते. खालून जाड काळा अंडरकोट मारला की ओल आतच कोंडली जाते. चेसीवर जळके इंजिन ऑइल मारण्याची पद्धतही जुनी आहे. त्याने काही काळ पाणी दूर राहते, पण धूळ चिकटते, रबरी बुश आणि होस फुगून खराब होतात आणि ते ऑइल ठिबकून रानात जाते.

योग्य क्रम असा. प्रथम दाबाच्या गोड्या पाण्याने चिखल काढणे, चेसीची भोके मोकळी करणे आणि गाडी उन्हात पूर्ण वाळवणे. नंतर तारेच्या ब्रशने सुटा गंज काढणे, फॉस्फरिक आम्ल असलेले गंजरोधक लावणे, त्यावर प्रायमर आणि रंग. बंद पेट्यांत आतून मेणासारखा थर फवारणे. चेसी जिथे खाल्ली गेली आहे तिथला भाग निरोगी लोखंड लागेपर्यंत कापावा आणि तेवढ्याच जाडीची पट्टी वेल्ड करावी. गंजावरच पट्टी ठेवून वेल्डिंग केले तर वेल्ड धरत नाही. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर काढणे आणि डिझेलची टाकी दूर करणे विसरू नये.

जुनी जीप घेताना काय पाहावे?

कापडात गुंडाळलेले लोहचुंबक बॉडीवर फिरवावे. लांबी जाड असेल तिथे ते धरत नाही. हलक्या हातोडीने चेसीवर ठोकत जावे. चांगले लोखंड खणखणते, सडलेले बद्द वाजते. रबरी मॅट उचलून पाहावी. खाली नवाच अंडरकोट दिसला, तर तो आत्ताच का मारला, हे विचारावे. चेसी क्रमांक मात्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचून आरसी पुस्तकाशी जुळवावा. तो चेसीवर ठोकलेला असतो आणि गंजाने पुसट होतो. न वाचता येणारा क्रमांक तपासणीत अडचणीचा ठरतो आणि परिवहन कार्यालयाच्या परवानगीशिवाय तो पुन्हा ठोकून घेणे बेकायदा आहे. दोन-तीन गाड्यांचे भाग जोडून बनवलेल्या जीपही बाजारात असतात. कंपनीने ठरवलेल्या रचनेत मूलभूत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे.

दुरुस्ती की भंगार?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून अर्ज करावा लागतो. एप्रिल २०२२ पासून हलक्या मोटार वाहनांसाठी हे शुल्क ६०० वरून ५ हजार रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील गाड्यांसाठी ते १० हजार रुपये केले. पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी वेगळे. बारामती, इंदापूरच्या मालकांना यासाठी बारामतीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात, म्हणजे ‘एमएच ४२’ मध्ये जावे लागते.

निर्णयाचा निकष इंजिन नसून चेसी असावी. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस यांचे सुटे भाग मिळतात आणि ते उघडून बांधता येतात. चेसी मात्र स्टिअरिंग बॉक्सपाशी, हँगरपाशी आणि मधल्या पेट्यांत अशी अनेक ठिकाणी गेली असेल, तर पट्ट्या मारून ती विश्वासार्ह होत नाही. अशी गाडी नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात द्यावी. तिथे ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळते, नव्या वाहनासाठी सवलतीला ते उपयोगी पडते आणि जुनी नोंदणी रद्द करता येते. भंगारवाल्याला नुसती विकून टाकली आणि नोंदणी तशीच राहिली, तर कागदावर मालक जुनाच राहतो.

चेसी शाबूत असेल, तर जीप अजून बरीच वर्षे चालू शकते. त्यासाठी वर्षातून दोन वेळा तिच्याखाली शिरावे लागेल. एकदा पावसाळा संपून कारखान्यांची धुराडी पेटण्याआधी आणि दुसऱ्यांदा गाळप संपल्यावर, अंगावरचा हंगामाचा चिखल वाळून दगड होण्याआधी.